पंखवाल्या सरड्याला लाल टॅग

आमच्या ग्रुपवर फोटो टाकायचा असेल तर राक्षसाशेजारी बेअरिंग ठेवावं लागतं. हा नियम क्रमांक एक. बेअरिंगही असंतसं चालत नाही, बासष्ट-झिरो-तीन नंबरचंच लागतं. त्याचा बाहेरचा व्यास चाळीस मिलिमीटर. चिंचवडला घ्या नाहीतर चीनमध्ये घ्या, चाळीस म्हणजे चाळीस. ते शेजारी असलं की राक्षस खरोखर केवढा आहे हे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं आणि "फोटोत तर हातभर दिसत होता हो" ही रड बंद होते. पिंपरी-चिंचवडात बेअरिंग नसलेलं घर मला दाखवा. कुणाकडे ते कागद उडू नयेत म्हणून असतं, कुणाकडे दार आपटू नये म्हणून, आणि कुणाकडे ते का आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं.

पंचाईत होते ती बाहेरगावच्यांची. नागपूरच्या एक बाई नियम वाचून बेअरिंग आणायला गेल्या. दुकानदाराने विचारलं, "गाडी कोणती?" बाई म्हणाल्या, "गाडी नाही, चेटकीण आहे." दुकानदाराने म्हणे निमूटपणे बेअरिंग काढून दिलं आणि पैसे मागायचंच विसरला.

तर मी विलास ढमाले, राहणार थेरगाव. 'मूठभर राक्षस' नावाचा ग्रुप चालवतो. हाताने बनवलेले छोटे राक्षस, पऱ्या, चेटकिणी, बुटके, वेताळ, ड्रॅगन असले काल्पनिक जीव जमवणारी चारशे माणसं त्यात आहेत. लाकडाचे, मातीचे, पितळेचे, चिंध्यांचे, कशाचेही चालतात, फक्त मूठभर असावेत आणि माणसाच्या हाताने घडलेले असावेत. सभासद म्हणजे पोरंटोरं नव्हेत. कंपनीत ज्यांना 'सर' म्हणतात अशी मोठी माणसं आहेत. मी त्यांचा मॉडरेटर. वर्गात मॉनिटर असतो ना, तसाच, फक्त वर्गातली मुलं पन्नाशीची. कुणी बोललं की फळ्यावर नाव लिहायचं.

याआधी एकतीस वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत होतो. गाड्यांचे सुटे भाग. माझं खातं इन्कमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे बाहेरच्या लहान कारखान्यांतून आलेला माल आत घ्यायचा की परत धाडायचा हे मी ठरवायचो. मोजायला हातात व्हर्निअर. माल बरोबर असेल तर डब्याला हिरवा टॅग, नसेल तर लाल. माझा लाल टॅग बघून भोसरीतले कारखानदार देव पाण्यात ठेवायचे, अशी माझी ख्याती होती. निदान मी तरी तसं समजत होतो. या समजुतीचं पुढे काय झालं तेच सांगायला बसलोय.

निरोपसमारंभात कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि शिफ्टच्या पोरांनी एक लाकडी राक्षस दिला. मुठीत मावेल एवढा, डोळे वटारलेले, पोट सुटलेलं, आणि हातात इवलासा व्हर्निअर. मी म्हटलं, चेहरा कुठेतरी बघितलाय. बायको म्हणाली, "आरशात." घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं. राक्षस अजून टीव्हीशेजारी उभा आहे, आणि त्याला सोबत म्हणून दुसरा आणला, दुसऱ्याला तिसरा, असं करत करत बायकोच्या लोणच्याच्या बरण्या कपाटातून हद्दपार झाल्या. येताना कंपनीतून लाल-हिरव्या टॅगांचं एक बंडलही माझ्या पिशवीतून घरी आलं होतं. यायला नको होतं. आता वय झालं, कबूल करून टाकतो.

मॉडरेटरची कामं तीन. वस्तू हाताची आहे याची खात्री करणं, अदलाबदलीत कुणी कुणाला गंडवत नाही हे बघणं, आणि भांडणं सोडवणं. भांडणं म्हणजे कशी? आकुर्डीच्या एका गृहस्थाने साताऱ्याला परी पाठवली. काचेची भांडी पेंढ्यात बांधतात तशी याने ती चुरमुऱ्यांत बांधली. वाटेत उंदीर लागला. परी पोहोचली ती एकपंखी. आता पंखाची भरपाई कुणी द्यायची? साताऱ्याचा म्हणतो पाठवणाऱ्याने, आकुर्डीचा म्हणतो कुरिअरवाल्याने, आणि ग्रुपवरची बाकी मंडळी विचारतायत की उरलेल्या चुरमुऱ्यांचं काय केलं. साताऱ्याचा बिचारा प्रामाणिक, त्याने लिहिलं, "भेळ." त्या दिवशी नियम क्रमांक नऊ झाला: खाण्याच्या जिनसांत पॅकिंग करू नये, आणि केलं असल्यास ते खाऊन वर तक्रार करू नये.

पहिलं काम मात्र माझ्या खास आवडीचं. वस्तू साच्यात ओतलेली असेल तर साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे केसासारखी एक रेघ राहते. तिला आम्ही सांधा म्हणतो. लबाड लोक ती कानशीने घासून टाकतात. पण एक जागा अशी असते की तिथे कानस शिरत नाही. काख! राक्षस खरा की खोटा हे काखेत बघावं. एका बड्या माणसाने 'हिमालयातल्या कारागिराने कोरलेला' म्हणून एक वेताळ आणला होता, त्याचा मी हात वर करून सांधा दाखवला, सगळ्यांदेखत. माणूस ग्रुप सोडून गेला. वेताळाचा फोटो लाल टॅगासकट आठवडाभर ग्रुपच्या माथ्यावर झळकला. खरं सांगतो, मला काय बरं वाटलं होतं! बायको म्हणाली, "निवृत्त झालात की बदली झाली तुमची?"

माझ्या जोडीला दुसरे मॉडरेटर सलीमभाई. काळेवाडीत त्यांचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. सुरुवातीला ते या भानगडीत नव्हतेच. झालं असं, की घरी पार्सल आलं की बायका, किंवा नवरे, विचारतात, "आता हे काय नवीन?" म्हणून बऱ्याच जणांना पार्सल दुसरीकडे उतरवून हवं असतं. मी सलीमभाईंच्या गॅरेजचा पत्ता देऊ लागलो. सहा महिने पार्सलं सांभाळून सांभाळून एक दिवस ते म्हणाले, "काका, एक उघडून बघू का? नुसतं बघणार." झालं. आता त्यांच्याकडे स्पार्क प्लगच्या रॅकवर अकरा बुटके बसलेत.

याच गॅरेजात पार्सलं ठेवायला दोन खास फळ्या होत्या. एक नितीनची, एक मेघनाची. नितीन चाकणला पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, मेघना शाळेत शिक्षिका. दोघांनी ग्रुपवर टोपणनावं घेतलेली, त्याचं 'काळा गरुड', दोघांनी मला वेगवेगळं गाठून सांगितलेलं, "काका, प्लीज, घरी कळता कामा नये." पत्ता विचारला तर दोघांचा एकच. एकच फ्लॅट, एकच दार, आणि आत दोन गुपितं! मी आणि सलीमभाईंनी वर्षभर तोंडं मिटून ठेवली. एकदा सोडतीत सावंतवाडीकडची एक लाकडी चेटकीण निघाली, तेव्हा ही दोघं ग्रुपवर टोपणनावांनी इतकी हमरीतुमरीवर आली की मला दोघांना ताकीद द्यावी लागली. त्याने हिला लिहिलं होतं, "तुमच्यासारख्या बाईच्या नवऱ्याची कीव येते." मी ते पुसून टाकलं. संसार वाचवणं हेही मॉडरेटरचंच काम.

आता कौसल्याबाई. सलीमभाईंच्या गॅरेजमागच्या खोलीत त्या राहतात. माहेर मावळातलं, लग्न होऊन काळेवाडीत आल्या, बरीच वर्षं भोसरीकडे कुठल्याशा कारखान्यात कामाला होत्या, आता गुडघ्यांमुळे घरी. मला एवढंच माहीत होतं. सलीमभाई पेट्रोलची टाकी गळायला लागली की दोन रंगांची पुट्टी मळून लावतात. नळाला प्लंबर लावतात तीच. मळली की थोड्याच वेळात दगड होते. उरलेली पुट्टी ते फेकायला निघाले की बाई हाक मारायच्या, "टाकू नगा वो," आणि ती आवळायच्या आत बोटांनी काहीबाही करून ठेवायच्या. एकदा त्यांनी सलीमभाईंच्या मोबाइलवर ड्रॅगन बघितला. म्हणाल्या, "हा तर सरडा हाय. पंख फुटल्यात जनू." आणि केला. तारेचा सांगाडा, वर पुट्टी, आणि अंगावरचे खवले केसांच्या पिनेने एकेक दाबलेले. शेपटी स्वतःभोवती घेऊन बसलेला, मान थोडी वाकडी, कुणी नाव घेतल्यावर वळून बघावं तसा.

ग्रुपवर फोटो आला आणि लोक खुळावले. ज्याला त्याला तो पंखवाला सरडा हवा. बाईंना दुसरं काही करायला सांगितलं तर म्हणायच्या, "मला ह्योच येतो." महिन्याला चार-पाच व्हायचे. त्यांच्या खोलीला नवा पत्रा पडला तो सरड्यांच्या पैशांवर. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची भाची त्यांना ग्रुपवरचे मेसेज वाचून दाखवायची. नाशिकहून, लातुरातून लोक 'कौसल्याताई, हात बघा तुमचा' असं लिहायचे. त्यांनी केलेल्या कामाखाली आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव येत होतं.

वर्षातून एकदा आमचा मेळावा असतो. गेल्या खेपेला तो आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी भरला. प्रत्येकाने आपल्याकडचा सर्वांत लाडका जीव आणायचा. देहूरोडचे सुभेदार आले. फौजेतून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. यांच्या घरी राक्षस उंचीप्रमाणे रांगेत उभे असतात आणि आठवड्याला पुसताना सुभेदार त्यांना विश्राम देतात. नितीन आला, घरी ओव्हरटाइम सांगून. दहा मिनिटांनी मेघना आली, घरी भिशी सांगून. दोघं चहाच्या टेबलाशी समोरासमोर. मी आणि सलीमभाई खांबामागे.

"तू इथे?" नितीन.

"तुझा ओव्हरटाइम इथे असतो का?" मेघना.

मग दोघांचं लक्ष एकमेकांच्या हातांकडे गेलं. त्याच्या हातात पंखवाला सरडा, तिच्याही हातात पंखवाला सरडा. सगळा हॉल हसून लोळायला लागला. मेघनाला तेवढ्यात उमगलं, "म्हणजे माझ्या नवऱ्याची कीव येणारा तो काळा गरुड तू?" नितीनने जो काही चेहरा केला तो आमच्यापैकी कुणी पुट्टीत उतरवू शकलं तर बरं.

इथेच थांबलो असतो तर दुपार सोन्याची झाली असती. पण ते दोन सरडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले मी बघितले, आणि माझ्या आत एकतीस वर्षांचा इन्स्पेक्टर जागा झाला. दोन्ही माना सारख्याच वाकड्या. सुभेदारांचाही लाडका जीव तोच होता, तो मागवून तिसरा ठेवला. खिशातून व्हर्निअर काढला. उंची तिघांची सारखी, फरक केसभर. पंखांचा पसारा सारखा. खवल्यांच्या ओळी मोजल्या, चौदा, चौदा, चौदा. एकतीस वर्षं माल बघितलेला माणूस मी. हाताने केलेले तीन नग असे येत नसतात. फरक असतोच. सकाळचा हात वेगळा, दुपारचा वेगळा.

"हे साच्यातले आहेत," मी म्हणालो.

सलीमभाई पुढे आले. "काका, काय बोलताय? मी त्यांना बसून करताना बघितलंय."

"पहिला केला असेल. बाकीचे त्याच्या साच्यातून. असंच करतात लोक."

"मग सांधा दाखवा. काख बघा काका, तुमचाच कायदा आहे."

मी बघितलं. पंखाखाली खवले होते, ओळीत, नीट. सांध्याचं नावही नव्हतं. माणसाने तिथे तोंड मिटावं की नाही? पण समोर सत्तर माणसं, हातात व्हर्निअर, आणि वेताळाचा विजय अजून डोक्यात. मी म्हणालो, "घासलाय सफाईने." माझ्याच नियमाला मीच हरताळ फासला आणि तिथल्या तिथे खिशातला लाल टॅग काढून सरड्याच्या मानेत अडकवला. फोटो काढला. शेजारी बेअरिंग ठेवायला विसरलो नाही. ग्रुपवर लिहिलं, 'हस्तनिर्मित नाही. सभासदत्व रद्द.' कौसल्याबाई गुडघ्यांमुळे मेळाव्याला आलेल्या नव्हत्या. त्यांना हे भाचीने वाचून दाखवलं.

ग्रुपवर जे व्हायचं ते झालं. ज्यांनी 'हात बघा' लिहिलं होतं तेच 'वाटलंच होतं' लिहू लागले. मागणी नोंदवलेल्यांनी नावं मागे घेतली. सलीमभाईंनी माझा फोन उचलणं बंद केलं. बायकोने विचारलं, "त्या बाईंशी बोललात का आधी?" मी म्हटलं, माल बोलतो, माणसाशी कशाला बोलायचं. तिने वरणाचं पातेलं जरा जोरात ठेवलं.

चौथ्या दिवशी सलीमभाईंचाच फोन. "काका, गॅरेजवर या. आत्ता." एवढंच.

गेलो. गॅरेजात स्टुलावर कौसल्याबाई बसलेल्या. काठी बाजूला टेकवलेली, हातात मेळाव्यातला लाल टॅग. लहानखुऱ्या, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी मनाशी धरून होतो की बाई रडतील, नाहीतर पुट्टी काढून 'बघा करून दाखवते' म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. मला वरपासून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "टोपी काढा."

"काय?"

"टोपी काढा की वो."

काढली. बाईंनी मान डोलावली. "त्योच. वरनं चांगलं वळखत हुते मी हे टक्कल. सलीमभाई, म्हनलं न्हवतं?"

मला काही कळेना. सलीमभाईंनी मला टायरवर बसवलं. बाई म्हणाल्या, "साहेब, चाकणला तुमच्या कंपनीत रबराचे बुश कुठनं यायचे?"

भोसरीच्या एका कारखान्यातून यायचे. नाव सांगत नाही. बुश म्हणजे गाडीच्या सांध्यांत बसणारी रबराची कडी. साच्यातून निघते तेव्हा तिच्या कडेला रबराची पापुद्र्यासारखी झालर असते, ती कापावी लागते. जास्त कापली तर बुश वाया, कमी कापली तर बसत नाही. या एका कारखान्याचा माल इतका सरळ यायचा, की मी त्याला आयुष्यात लाल टॅग लावला नाही. दरवर्षी मी तिथे तपासणीला जायचो. मालक मला कापणीचं ऑटोमॅटिक मशीन दाखवायचा. मी अहवालात लिहायचो, 'मशीन ट्रिमिंग. उत्तम. इतरांनी अनुकरण करावे.'

"ते बुश मी कापत हुते," बाई म्हणाल्या. "मी आन आनखी सात जनी. बिलेडनं. तेवीस वर्सं."

"पण तिथे मशीन होतं. मी चालू बघितलंय."

"मोटर फिरत हुती, साहेब. टोपलीतले बुश आदल्या दिशी आमीच कापलेले. तुमी यायचं म्हनलं की मालक आमाला गच्चीवर धाडायचा, भजी देऊन. गच्चीतल्या झरोक्यातनं आमी खाली तुमास्नी बघायचो. तुमी मशीनला हात लावून लावून बघायचा आन आमी भजी खाऊन हसायचो. व्हय, खोटं कशाला बोलू, लय हसायचो."

सलीमभाईंनी तोंड फिरवलं. तेही हसत होते, पण मला दिसू नये एवढी माणुसकी त्यांनी दाखवली.

मग बाई हसायच्या थांबल्या. टॅग माझ्यापुढे धरला. "आरडरी गेल्या त्याचं न्हाई मला काय. पर तवा तुमी लिवलं मशीननं केलं, आमी गप बसलो, पोटाचं काम हुतं. आता म्हातारपनी कुटं माझं नाव लागलं कामाला, तर पुन्हा तुमीच आला आन पुन्हा तेच लिवलं. चारशे मान्सांत मी खोटारडी ठरले. आवो, माझ्या हातानं तुमचं काय घोडं मारलंय?"

एकतीस वर्षं मी ओरडत आलो की माल एकसारखा का येत नाही. हात हलला म्हणून कितीकांचे डबे परत पाठवले, कितीकांना त्यापायी मालकांची बोलणी बसली असतील. आणि ज्या एका माणसाचा हात कधीच हलला नाही, त्याला मी दोनदा म्हणालो की हा माणूसच नाही. लाज वाटली. गॅरेजात, टायरवर बसून, टोपी हातात घेऊन, या वयात लाज वाटली.

"माफ करा बाई," म्हणालो. "चुकलं माझं. मोठं चुकलं."

"मला नगा सांगू. जितं लिवलं तितं लिवा."

तिथेच बसून लिहिलं. सगळं लिहिलं, मशीनचं, गच्चीचं, भज्यांचंसुद्धा. टक्कल वगळणार होतो, सलीमभाई म्हणाले, "काका, ते राहिलं." तेही घातलं. खाली लाल टॅग माझ्या स्वतःच्या शर्टाला लावलेला फोटो. सलीमभाईंनी लगेच शेरा मारला, 'काख तपासली. माल अस्सल आहे, फक्त डोकं साच्यातलं.' हा आमच्या ग्रुपवर सर्वाधिक गाजलेला मेसेज. मुख्य मॉडरेटर आता सलीमभाई आहेत. मला तीन महिने त्यांच्या गॅरेजात पार्सलं बांधायची शिक्षा झाली, ती मी भोगली. नितीन-मेघनाची फळी आता एकच आहे. दोघं मिळून भांडतात, पण निदान खऱ्या नावाने.

मागण्या परत आल्या, दुपटीने. 'वाटलंच होतं' लिहिणाऱ्यांनी 'मला आधीपासून खात्री होती' लिहिलं. बाईंनी कुणाला काही सुनावलं नाही, फक्त त्यांची नावं यादीत तळाला घातली. मला म्हणाल्या, "साहेब, तो हिरवा कागद असतो न्हवं तुमच्याकडं, त्यो माझ्या सरड्याला लावायचा." मी बंडल काढलं. हिरव्या टॅगवर छापलेले रकाने असतात: भागाचं नाव, लॉट, तपासणाऱ्याची सही, मशीन क्रमांक. माणसाचं नाव लिहायला रकानाच नाही! एकतीस वर्षं हजारोंनी टॅग लावले आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. 'मशीन क्रमांक' यावर काट मारली आणि लिहिलं, कौसल्याबाई. आता त्यांच्या प्रत्येक सरड्याला तो असतो. बंडल पिशवीतून घरी आलं ते बरंच झालं म्हणायचं.

शिक्षा संपली त्या दिवशी बाईंनी मला एक सरडा भेट दिला. चौकोनी खोक्यात, चिंध्यांत नीट बांधून. वर म्हणाल्या, "तुमास्नी फरक पायजे हुता ना? घ्या. ह्यात एक फरक ठेवलाय. हुडका."

तेव्हापासून मी हुडकतोय. उंची मोजली, पंख मोजले, खवल्यांच्या ओळी मोजल्या, चौदा. एकेक खवला मोजला. भिंग आणलं. सुभेदारांचा सरडा आठवडाभर मागून घेतला, शेजारी ठेवून बघितला, शेवटी सुभेदार म्हणाले, "माझा जवान परत पाठवा, त्याची गैरहजेरी लागतेय." ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतं, सापडला का? बायको म्हणते, फरक नसेलच, बाईंनी तुम्हाला कामाला लावलंय. मलाही कधीकधी तसंच वाटतं. पण मग मान बघतो, आणि वाटतं, किंचित, अगदी किंचित जास्त वळलीय का? व्हर्निअर लावतो. नाही.

परवा शेवटी हात टेकले. फोन केला. म्हटलं, "कौसल्याबाई, हरलो. तुम्हीच सांगा, काय फरक ठेवलाय?"

पलीकडे पुट्टी मळल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"मला काय इचारता साहेब?" बाई म्हणाल्या. "मशीनला इचारा की."